कावळा शिवेना तेव्हा

माझ्या मावशीचे यजमान गेले, त्यांच्या दहाव्याची गोष्ट. घाटावर पिंड मांडून झाले होते. कावळे होते, पण शिवत नव्हते. एक जण खाली उतरला, मान वाकडी करून पिंडाकडे बघितलं आणि पुन्हा झाडावर जाऊन बसला. मग अशा वेळी होतं तेच सुरू झालं. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "आईची काळजी करू नका." जावई म्हणाले, "घराचं कर्ज आम्ही सगळे मिळून फेडू." कावळा हलेना. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात काकांचा धाकटा भाऊ पुढे झाला. दोघांचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं, वाटणीवरून. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, बांधाचं ते माझंच चुकलं होतं. मला कळत होतं. मी बोललो नाही."

कावळा शिवला.

आता, घाटावरचे कावळे अकरा वाजेपर्यंत चार घरचं जेवलेले असतात आणि कधी उतरायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक, असं मी मनात म्हटलं. पण तो भाऊ त्या दिवशी नऊ वर्षांनी पहिल्यांदा त्या घरचा चहा प्यायला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कावळ्याचं सोडा. वीस माणसांसमोर ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं, तेव्हा त्याच्या आत काय झालं असेल?

मावशी घाटावर नव्हती. आमच्याकडे बायका जात नाहीत. तिलाही काही सांगायचं असणारच. तिनं ते कुठं सांगितलं, ते शेवटी लिहितो. आधी हा प्रश्न: दुःख खरं खरं बोललं, लिहिलं, गायलं, तर नेमकं काय होतं? आणि काय होत नाही?

सुरुवातीला एक अडगळ बाजूला करू. दुःखाचे पाच टप्पे असतात, असं तुम्ही कुठंतरी वाचलं असेल: नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता आणि मग स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी ते १९६९ साली मांडले, तेही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांचा तो अभ्यास नव्हता. पुढे ते टप्पे सरसकट सगळ्यांना चिकटले आणि वर्ष झालं तरी राग येतोय म्हणजे आपण त्याच इयत्तेत नापास झालो, असं लोकांना वाटायला लागलं.

आता अभ्यासकांना जास्त पटतं ते चित्र झोक्याचं आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी ते १९९९ साली मांडलं. (झोका हा शब्द माझा.) एका टोकाला गेलेला माणूस, त्याचे कपडे, त्याचा फोटो, रडू. दुसऱ्या टोकाला उरलेला संसार: बँकेत वारस लावणं, मुलाची फी, पहिल्यांदाच स्वतः भरलेलं विजेचं बिल. माणूस या दोन टोकांमध्ये दिवसातून दहा वेळा जातो-येतो. सकाळी ओक्साबोक्शी रडलेली बाई दुपारी मालिका बघून हसली, तर तिचं दुःख खोटं नसतं. झोका चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो एकाच टोकाला अडकला की त्रास होतो. मग ते अखंड रडणं असो, नाहीतर आठवणीला फटही राहू नये म्हणून स्वतःला कामात गाडून घेणं असो.

आपल्या जुन्या रीतींनी हा झोका पंचांगातच लावून ठेवलेला दिसतो. दहा दिवस सुतक, तेराव्याला गोडाचं जेवण, मग दर महिन्याचं मासिक, वर्षश्राद्ध आणि दर भाद्रपदात पितृपक्ष. मात्र याच रीतींनी बाईच्या बांगड्या फोडल्या आणि तिचं कुंकू पुसलं, हेही इथंच सांगायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव करून ते बंद केलं आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. वरून लादलेला शोक आणि आतून आलेला शोक एकाच बाईच्या अंगावर एकाच वेळी असू शकतो. पहिल्याच्या गलक्यात दुसरा कुणाला ऐकूच येत नाही.

आता मुद्द्याचं. "रडून घे, मोकळी हो," असं आपण म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आत एक हंडा आहे, तो उपडा केला की झालं. पण मोकळं हा शब्द नीट ऐका. केस मोकळे सोडतात, गुरं मोकळी सोडतात, भात मोकळा शिजतो. यातलं काहीच रिकामं होत नाही. गुंता सुटतो, दावं सुटतं, शीत शितापासून वेगळं होतं. गेल्या चाळीसेक वर्षांत मानसशास्त्रज्ञांना जे सापडलं, ते या दुसऱ्या अर्थाच्या फार जवळ आहे.

जेम्स पेनेबेकर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९८४ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर अशा लोकांची छोटी पाहणी केली, ज्यांचा नवरा किंवा बायको अपघातात किंवा आत्महत्येनं गेली होती. जे मित्रांशी त्याबद्दल बोलले होते, त्यांच्या तब्येतीच्या तक्रारी कमी होत्या आणि तेच तेच विचार डोक्यात घोळणंही कमी होतं. मग १९८६ साली त्यांनी आणि सँड्रा बील यांनी एक साधा प्रयोग केला. कॉलेजातल्या ४६ मुलामुलींना चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, बाकीच्यांना आयुष्यातली सगळ्यात वाईट घटना. त्यातही काहींनी फक्त काय घडलं ते लिहायचं, काहींनी फक्त काय वाटलं ते, आणि काहींनी दोन्ही.

लिहून उठल्यावर कुणालाही हलकं वगैरे वाटलं नाही. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचा रक्तदाब उलट चढलेला होता, मन जास्त उदास होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेली. लिहून लगेच बरं वाटलं नाही म्हणून वही कोनाड्यात फेकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुढे पेनेबेकर यांनी अशा लिखाणातले शब्दच मोजायला घेतले. नुसतं "वाईट वाटतं, वाईट वाटतं" चारही दिवस लिहिणाऱ्यांना फारसा फायदा झालेला नव्हता. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "म्हणून", "आता कळतंय" अशा जातीचे शब्द वाढत गेले, त्यांना तो जास्त झाला होता. म्हणजे पहिल्या दिवशी नुसता गुंता, चौथ्या दिवशी त्यातून एक गोष्ट. तिला सुरुवात आहे, मधे काय झालं ते आहे, आणि ती आपणच सांगतो आहोत. भात मोकळा व्हायला लागला.

पण इथं थांबलो तर मी तुम्हाला अर्धवट सांगितलं असं होईल. २००६ साली अशा १४६ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा फायदा खरा पण लहान निघाला. आणि जवळचं माणूस गेलेल्यांच्या बाबतीत तर स्ट्रोब आणि शुट यांनीच इतर सहकाऱ्यांसह २००२ साली तपासून पाहिलं. भावना बोलल्या-लिहिल्यामुळे शोकातून लवकर सावरता येतं, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. वाईट बातमी वाटते, पण विचार केला तर ती चांगली आहे. बहुतेकांचं दुःख कुठल्याही तंत्राशिवाय, माणसांच्या सोबतीनं आणि काळाबरोबर आपलं आपण मार्गी लागतं. त्यामुळे "ती रडलीच नाही हो, तिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल," असं म्हणत मागे लागणाऱ्या शेजारणींना आवरावं. आज न रडलेलं दुःख उद्या चक्रवाढ व्याजानं उसळतंच, या समजुतीला संशोधनात फारसा आधार नाही. काही माणसं खरोखरच शांत असतात.

मात्र शांत असणं वेगळं आणि तोंड दाबून बसणं वेगळं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ साली काही जणांना किळसवाणी चित्रफीत दाखवली आणि अर्ध्यांना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. चेहरे जमले. पण आतली भावना तसूभर कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण मात्र वाढला. २००३ च्या आणखी एका प्रयोगात असं दिसलं, की भावना दाबून बोलणाऱ्या बाईच्या समोर बसलेल्या दुसरीचाही रक्तदाब वाढतो. तिला काहीच सांगितलेलं नसताना. घरात कुणीच काही बोलत नाही आणि तरी जेवताना घास उतरत नाही, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना यात नवल वाटणार नाही.

मग बोलायची जास्त गरज कुणाला? माझं उत्तर: ज्या दुःखाला सुतक नाही, त्या दुःखाच्या धन्याला. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ पासून या प्रकारावर लिहिलं आहे: समाज जे दुःख मोजतच नाही ते. चौथ्या महिन्यात पडलेलं मूल. लग्न न झालेला जोडीदार. घटस्फोट झालेला नवरा. जिवाभावाची मैत्रीण, जिच्यासाठी ऑफिसात रजा मागता येत नाही. आत्महत्येनं गेलेला भाऊ, ज्याचं कारण पाहुण्यांना "हार्ट अटॅक" असं सांगायचं ठरलेलं असतं. या लोकांना कुणी भेटायला येत नाही. कावळ्यासमोर उभं राहून बोलायला त्यांना घाट नसतो.

आणि ज्या दुःखाला सुतक आहे, त्यातही काही गोष्टी सुतकात बसत नाहीत. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूची सगळी उस्तवार करणाऱ्या सुनेचं उदाहरण घ्या. सासू गेली की लोक म्हणतात, "सुटली बिचारी." गेलेलीला सुटली म्हणायची भाषेत सोय आहे. सुनेला मात्र "मी सुटले" म्हणायची सोय नाही. पहिल्या रात्री सलग सात तास झोप लागली आणि सकाळी त्या झोपेचीच लाज वाटली, हे ती कुणाला सांगणार? किंवा ज्याचा बाप दारू पिऊन मारायचा, त्याला घरी येणारा प्रत्येक जण "देवमाणूस गेला" म्हणून पाठीवर हात ठेवून जातो. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, हे मान्य. पण मग त्या मुलानं आपलं खरं दुःख कुठं न्यायचं? त्याचं दुःख बाप गेल्याचं आहेच, पण हवा तसा बाप आता कधीच मिळणार नाही, याचंही आहे. खरेपणा म्हणतात तो इथं लागतो. सुटका, राग, हेवा, पैशाची काळजी: न शोभणारं जे काही असेल त्याला नाव देणं. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की समोर दिसणाऱ्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, अमिग्डालाची, हालचाल कमी होते.

हे काम आपल्या भाषेत पूर्वीच झालेलं आहे. १६३० च्या आसपासच्या मोठ्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको गेली, मूल गेलं, दुकान बुडालं. पुढे एका अभंगात त्यांनी यातलं बरंच सांगितलं आहे. ती अन्न अन्न करत मेली हेही, आणि या सगळ्याची आपल्याला लाज वाटली हेही. घरातलं माणूस भुकेनं गेलं, हे कर्त्या पुरुषानं चारचौघांत म्हणणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य आलं. त्यांनी आपल्या कवितेत पुसलेल्या कुंकवाखालची नशिबाची रेघ उघडी करून दाखवली आणि दारात येणाऱ्या ज्योतिषाला परत पाठवलं. शेतात, घरात काम करता करता रचलेल्या या ओळी त्यांच्या पश्चात, १९५२ साली पुस्तकात आल्या.

आणि जात्यावरच्या बायका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या कामातून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्यात आई गेल्यावर तुटलेलं माहेर पुन्हा पुन्हा येतं. ओवी का चालते, याचा विचार मी बरेच दिवस करतोय. पहाटेची वेळ, घर झोपलेलं. हात कामात, त्यामुळे कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. समोर दुसरी बाई, पण तिला उत्तर द्यायचं नसतं, पुढची ओवी धरायची असते. चाल ठरलेली, त्यामुळे गळा दाटला तरी ओळ पुढे ढकलायला जात्याची फेरी आहेच. जे सासूला बोलता येत नाही ते गाता येतं, कारण गाण्याची जबाबदारी अर्धी गाण्यावर असते. कुठल्याही कलेचा उपयोग मला तरी असाच दिसतो. ती दुःखाला आपल्यापासून हातभर अंतरावर ठेवते. मग त्याच्याकडे बघता येतं, कुठला शब्द, कुठला रंग, हे ठरवता येतं. ज्या घटनेत आपल्याला काहीच ठरवता आलं नव्हतं, तिच्याबद्दल निदान एवढं ठरवता येतं.

गावोगाव पिठाची गिरणी आली, बायकांच्या हाताचे घट्टे गेले, ते बरंच झालं. ओवीची जागा मात्र गिरणीच्या रांगेत काही मिळाली नाही.

परक्या मुलखातलं एकच उदाहरण देतो, कारण ते गोधडीचं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत एड्सनं माणसं जात होती आणि कित्येक घरं त्यांची नावंही घेत नव्हती. नोव्हेंबर १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका मोर्चात क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्यानं लोकांना गेलेल्यांची नावं पाट्यांवर लिहायला सांगितली. त्या पाट्या एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर लावल्यावर ती भिंत त्याला ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. त्यातून पुढे खरीच गोधडी सुरू झाली. एका माणसासाठी एक तुकडा, तीन फूट बाय सहा फूट, साधारण कबरीएवढा. त्यावर त्याचा शर्ट, टोपी, पत्रं, जे असेल ते शिवायचं. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर असे १,९२० तुकडे अंथरले गेले. आज त्यात सुमारे ५०,००० आहेत. शिवणाऱ्यांत कित्येकांनी आधी सुईसुद्धा धरली नव्हती.

तुम्हाला करून बघायचं असेल तर फार सरंजाम लागत नाही. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार दिवस. कुणी वाचणार नाही असं आधी ठरवा, नाहीतर हात आपोआप शोभेसं लिहू लागतो. आपल्या घरच्या बोलीत लिहा. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. पत्र म्हणून लिहिलं तर बऱ्याच जणांना सोपं जातं: "आई," असं लिहिलं की पुढचं वाक्य बहुधा येतं. पहिल्या दिवसांतच बसू नका, तेव्हा डोकं जाग्यावर नसतं. आणि लिहिताना आपण कोसळणार असं वाटलं तर वही मिटून उठा, ही पेनेबेकर यांचीही सूचना आहे. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून ठेवा. तिच्या हातची आमटी तिच्याच अंदाजानं करून बघा, तीन वेळा बिघडेल. जुन्या नऊवारीची गोधडी शिवा.

माणसापाशी बोलायचं तर माणूस मात्र निवडून घ्या. मन उघडं करणं म्हणजे ते स्टेटसला लावणं नव्हे. तिथं पन्नास जणांचं एकसारखं "भावपूर्ण श्रद्धांजली" येतं आणि आपण आणखी एकटे होतो. "सावर स्वतःला", "मुलांकडे बघ" असं पहिल्या मिनिटात म्हणणारा माणूस वाईट नसतो, पण त्याला तुमचं रडू सोसवत नाही. दुसरा शोधा. आणि तुम्ही ऐकणारे असाल तर "जेवलीस का?" हे पुष्कळ आहे. त्यानंतर गप्प बसता आलं पाहिजे.

काहींचा झोका मात्र अडकतो. जवळचं माणूस गेलेल्यांपैकी साधारण दहांतल्या एकाचं दुःख महिनोन् महिने तितकंच धारदार राहतं आणि जगणं ठप्प होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत याला आता वेगळं नाव आहे आणि ते लावण्याआधी किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या यादीत मोठ्यांसाठी एक वर्षाची. यावर उपचार आहेत. कॅथरीन शिअर यांच्या पद्धतीत रुग्ण त्या मरणाची हकीकत डोळे मिटून मोठ्यानं सांगतो, ती रेकॉर्ड होते आणि घरी जाऊन तो ती पुन्हा ऐकतो. म्हणजे इथंही सांगणंच, पण शेजारी जाणकार बसलेला. वहीच्या भरवशावर हे काम करू नये. जगणं नको वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या नंबरवर फोन करा. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

मावशीचं राहिलं. काकांची एक हिशोबाची वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. ते गेल्यावर महिन्याभरानं मावशीनं ती पुढे लिहायला घेतली. रोजचा खर्च आणि त्याच्या खाली त्यांना एखादी ओळ. तिनंच मला दाखवली, लाजत लाजत, "लिहिते आपली काहीतरी," असं म्हणत. कांदे दोन किलो, ऐंशी. तुम्ही असता तर म्हणाला असता, महाग आणलेस. दूध. इस्त्री, आता निम्मीच येते. एका पानावर खर्च काहीच नव्हता, नुसतं लिहिलं होतं: विम्याचे कागद कुठं ठेवले ते सांगून का नाही गेलात? पोरांसमोर तोंडघशी पाडलंत मला. आज तुमच्या फोटोला हार घालणार नाही.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी: कागद सापडले. स्वेटरच्या घडीत होते. हार, वीस रुपये.